सवाईत आपला गायक नीट ऐकायचा असेल तर

पुण्यात दर डिसेंबरात होणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचं तिकीट काढणाऱ्यांतले निम्मे तरी एका नावासाठी येतात. बाकीचे कलाकार ते ऐकतात, दादही देतात, पण जीव अडकलेला असतो त्या एका हजेरीत, म्हणजे मंचावरच्या त्या एका सादरीकरणात. अशा रसिकाने पत्रिका हातात आली की आधी नाव नाही, वेळ बघावी. सवाईत कोण गाणार यापेक्षा कितव्या क्रमांकाला गाणार, यावर ऐकणं जास्त अवलंबून असतं.

पहिलं कारण रागांचं. बहुतेक रागांची गायची वेळ परंपरेने ठरलेली असते. मधल्या दिवसांत कार्यक्रम सहसा दुपारी उशिरा सुरू होऊन रात्री दहाला संपतो. शनिवारी बारापर्यंत परवानगी असते आणि रविवारी दुपारपासून गाणं असतं. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे चारच्या गायकाकडून मुलतानी, भीमपलास किंवा पटदीप, सहा-सव्वासहाच्या गायकाकडून मारवा, पूरिया किंवा श्री, आणि आठनंतर यमन, मारुबिहाग अशी अपेक्षा ठेवावी. दरबारी किंवा मालकंस निवांत ऐकायचा तर शनिवारची शेवटची हजेरी. रविवारी भर दुपारी सारंगाचे प्रकार मिळतात, आणि ते इतर मैफलींत दुर्मीळ झालेत म्हणून ती वेळ चुकवू नये. ललित, तोडीची आस असेल तर सवाईत निराशाच पदरी येते. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम लागू झाल्यापासून रात्रभर चालून पहाटेला भिडणारा सवाई इतिहासजमा झाला. त्यासाठी दिवाळी पहाट गाठावी.

दुसरं कारण घड्याळाचं. दहाला ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद. आधीचे कलाकार दहा-दहा मिनिटं लांबले, सत्कार रेंगाळला की ती वेळ कापली जाते शेवटच्याची. मोठं नाव बहुधा शेवटीच असतं! एरवी तासा-सव्वातासात विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) लयीतला ख्याल आणि वर एखादा अभंग किंवा नाट्यपद बसतं. पन्नास मिनिटं उरली की पहिला बळी आलापीचा, म्हणजे राग संथपणे उलगडण्याचा जातो. त्यामुळे लाडका कलाकार मधल्या दिवशी शेवटचा असेल तर अपेक्षा थोडी आवरावी. शेवटून दुसरा असेल तर उत्तम.

आता बसायचं कुठे. खुर्ची पाठीला आराम देते, पण गाण्याच्या जवळ जायचं तर भारतीय बैठक, म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसायची जागा. समोर बसलं की श्वास कुठे घेतला, तबलजीला डोळ्यांनी काय सांगितलं, मागे बसलेल्या शिष्याला स्वर कधी दिला, हे पडद्याशिवाय दिसतं. मात्र अगदी पुढे, कडेला बसू नये. तिथे एकाच बाजूचा स्पीकर कानावर आदळतो, तानपुरे बुडतात आणि तबला अंगावर येतो. सर्वांत समतोल आवाज ध्वनिसंयोजकाच्या टेबलाच्या आसपास मिळतो, कारण तो माणूस त्याच जागी ऐकून आवाज जुळवत असतो. अगदी मागे गेल्यावर वेगळीच गंमत होते. थंड हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ६८ मीटरवर तो ०.२ सेकंद उशिरा पोचतो, आणि मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत लयीत ०.२ सेकंद म्हणजे बरोबर एक मात्रा. मागच्यांची टाळी समेनंतर (तालाच्या पहिल्या मात्रेनंतर) पडते ती बेतालपणामुळेच असं नाही. (काहींची त्यामुळेही पडते.)

जागेसाठी हव्या त्या कलाकाराच्या दोन हजेऱ्या आधी पोचावं. मधल्या विश्रांतीत चहा, भजी आणि स्वच्छतागृहाच्या रांगा एकदमच लागतात, आणि उठलेला माणूस परत येईपर्यंत नवा गायक षड्ज (सा) लावून मोकळा झालेला असतो. रिकाम्या सतरंजीवर हक्क सांगण्यावरून होणारी कुजबुज तर दरवर्षीची. सोबत जाड सतरंजी किंवा पाठ टेकायची घडीची बैठक, शाल आणि कानटोपी हवी. नऊनंतर जमिनीतून गारवा चढतो आणि गुडघे आधी तक्रार करतात.

वाद्यं जुळवायला वेळ लागतो म्हणून चुळबुळ करू नये. गारठ्यात तानपुऱ्याच्या धातूच्या तारा आखडतात, स्वर चढतो. दमट हवेने तबल्याचं कातडं सैल पडतं, स्वर उतरतो. मंचावर दिव्यांची ऊब लागली की दोन्ही उलट दिशेला सरकतात. खोलीत जुळवून आणलेली जोडी मंचावर पुन्हा जुळवावीच लागते, आणि दहा मिनिटांनी तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी पडते ती याचमुळे. खरी मोडता घालणारी गोष्ट वेगळीच आहे: विलंबित अजून स्थिरावतोय तोवर मागून येणारी अभंगाची फर्माईश.

२०१८पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. आधी तो रमणबागेत व्हायचा, तिथे पेठांतून चालत यायची सोय होती, ती गेली. जागा मात्र ऐसपैस झाली. गाडी आणली तर गल्ल्यांत फिरण्यातच एक हजेरी जाते. स्वारगेटपर्यंत मेट्रोने यावं आणि पुढे रिक्षा करावी. शनिवारी बारानंतर मेट्रो नसते, म्हणून परतीची सोय आधीच ठरवलेली बरी.

ज्यांना कलाकार गाण्यापलीकडेही जाणून घ्यायचाय त्यांनी सकाळचे ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे उपक्रम बघावेत. पहिल्यात माहितीपट, दुसऱ्यात मुलाखती. शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ते होतात. मंडपात शंभर फुटांवरून दिसणारा माणूस तिथे घरच्यासारखा बोलताना सापडतो, आणि गर्दीही बेताची असते.

रविवारी शेवटच्या गायकाने भैरवी संपवली की रिक्षासाठी अर्धा मंडप उठतो. थांबावं. १९५३ साली गायक भीमसेन जोशींनी ज्या गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला, त्या सवाई गंधर्वांची ‘बिन देखे पडे नहीं चैन’ ही ध्वनिमुद्रिका त्यानंतर लावतात. जुन्या तबकडीवरचा तो आवाज त्या मोठ्या स्पीकरांतून बारीक येतो, म्हणून तोवर चपला शोधायला वाकू नये.