खांदा आखडलाय? मोठं सेंटर की गल्लीतल्या मॅडम

फ्रोझन शोल्डर निघालाय, हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फिजिओथेरपी' लिहून दिलंय आणि कुणाकडे जावं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. कोल्हापुरात मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या. एक मोठं सेंटर: एसी, पडदे लावून पाडलेले कप्पे, मशीनच मशीन. दुसरी म्हणजे शिवाजी पेठेतली एक खोली, एक खाट, एक मॅडम.

तिसरा सल्ला न मागताच मिळतो, तालमीतल्या वस्तादांकडून खांदा ओढून घ्या म्हणून. उतरलेला खांदा बसवण्यात वस्तादांचा हात धरणारं कुणी नसेल, पण आपला खांदा उतरलेलाच नाही. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळलेलं असतं, तिथं बसवायचं काय?

पदवीवरून काही ठरत नाही. मी गेलो तिथं दोन्हीकडे बी.पी.टी.च, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची. खर्चातही फार फरक पडला नाही.

सेंटरचं चांगलं आधी सांगतो. वेळ ठरलेली, थांबावं लागत नाही. आयएफटीचे, म्हणजे सौम्य विजेच्या मशीनचे, चार पॅड लावले की मुंग्या येतात आणि ठणका खरंच कमी होतो. त्या रात्री झोप बरी लागायची. पण माझं गणित बिघडलं ते एका प्रश्नावर. पडदा सरकवून रोज नवीन मुलगा किंवा मुलगी आत येणार आणि विचारणार, "काका, कुठला खांदा?" फाइल हातातच असायची. पॅड लावायचे, टायमर लावायचा आणि गायब. मशीन वाजलं की परत, "झालं काका, उद्या या." मधल्या वेळात हात कितपत वर जातो हे कुणी बघायचं नाही. मुलांचा दोष नसावा, कप्पेच इतके होते. तरी तो प्रश्न माझ्या डोक्यात जायचा.

मॅडमकडे मशीन एकच, तेही बऱ्याचदा टेबलाखाली. पहिल्या दिवशी त्यांनी शुगर विचारली (मधुमेह असणाऱ्यांत हे दुखणं जास्त आढळतं), रात्री कुठल्या कुशीवर झोपता ते विचारलं. मग कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर वळवायला लावला. या आजारात ही हालचाल सगळ्यात जास्त अडकते. प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांच्या मापानं कोन मोजून वहीत लिहिला. पुढच्या वेळी वही उघडूनच, "काल केलासा काय व्यायाम? दाखवा बघू." केला नसेल तर तिथंच पकडलं जायचं. भिंतीवर बोटं चालवताना मी खांदा कानाकडे उचलून फसवत होतो, तेही त्यांनीच धरलं. घरी आरशासमोर हे मला कधी कळलं नसतं.

आणखी एक. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात जास्त ताणलं तर दुखणं चिघळतं. मॅडम माझ्या तोंडाकडे बघत हात फिरवायच्या आणि मी ओरडायच्या आत थांबायच्या. हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

गुण कुणाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. हा आजार कित्येकदा वेळ घेऊन आपला आपणच उतरतो. पण पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट उजव्या हातानं निघायला लागलं ते मॅडमकडे जायला लागल्यावर.

गुडघ्याचा सांधा बदलला असेल, तर मात्र मी सेंटरच बघेन. तिथं सायकल असते, धरून चालायचे बार असतात, मोकळी जागा असते. खांद्यासाठी जाणार असाल तर फोनवर एवढंच विचारा, रोज एकच माणूस बघणार का? मॅडमची अडचण एकच, त्या गावाला गेल्या की खोलीला कुलूप. जोतिबाच्या यात्रेत हमखास. तेवढे दिवस घरच्या भिंतीवर भागवायचं.