नवखा आउटफिल्डर रोज खेळवावा का? ‘बेसबॉल सॅव्हंट’ साइटचा रिव्ह्यू

मेजर लीग बेसबॉलची ‘बेसबॉल सॅव्हंट’ ही साइट फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. बावीस-तेवीस वर्षांचा आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा) रोज खेळवण्याच्या लायकीचा आहे की अजून बाकावरच बरा, हे पडताळायला सामान्य प्रेक्षकाच्या हाती याहून चांगलं साधन नाही. फक्त खेळाडूच्या पानावरचे लाल-निळे गोळे (इतरांच्या तुलनेत लाल म्हणजे चांगला, निळा म्हणजे वाईट) बघून लगेच निकाल देऊ नका.

साइट सगळ्यात भरवशाची आहे ती क्षेत्ररक्षणात. २०२० पासून मोजणी हॉक-आय कॅमेऱ्यांनी होते. क्रिकेटमध्ये पायचीतच्या अपिलावर दिसतं तेच तंत्र. चेंडू हवेत किती वेळ होता, खेळाडूला किती अंतर कापायचं होतं आणि कुठल्या दिशेला, यावरून झेलाची शक्यता काढतात. शक्यता २५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर तो पाच ताऱ्यांचा झेल. या सगळ्याचा हिशोब ‘आउट्स अबव्ह ॲव्हरेज’मध्ये, म्हणजे सरासरी क्षेत्ररक्षकापेक्षा किती जास्त बाद केले या आकड्यात, मिळतो. त्यावर थांबू नका, ‘आउटफिल्डर जंप’चा तक्ता उघडा. पहिल्या दीड सेकंदात तो किती हलला, पुढच्या दीड सेकंदात किती वेग घेतला आणि वाट किती सरळ धरली, हे तिथं वेगवेगळं दिसतं. धावण्याचा वेग सेकंदाला २९ फूट (सरासरी २७, ३० म्हणजे अव्वल) आणि तरी जंप वाईट, तर पाय ठीक आहेत, चेंडू ओळखायला उशीर होतोय. सेंटर फील्डला, म्हणजे मधल्या जागेवर, हा उशीर महागात पडतो. असा खेळाडू लेफ्ट फील्डला, म्हणजे डाव्या बाजूला, हलवला तर चालून जातो, पण तिथं बॅटकडून जास्त मागणी असते.

शिकागो कब्ज संघाचा सेंटर फील्डर पीट क्रो-आर्मस्ट्राँग घ्या. २०२४ मध्ये १२३ सामने, सरासरी .२३७, होम रन १०. नुसत्या बॅटिंगवर एवढे सामने मिळाले नसते. हातमोज्याने आणि पायांनी जागा राखली. २०२५ मध्ये ३१ होम रन, ३५ स्टील (चोरून पुढचा बेस गाठणं) आणि गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार. म्हणजे थांबणं फळलं. पण त्याच वर्षी ऑन-बेस (बाद न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण) .२८७ वरच राहिलं आणि दुसऱ्या अर्ध्या हंगामात बॅट थंडावली. साइटवरचा ‘चेज’चा गोळा, म्हणजे स्ट्राइक झोनबाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवण्याचं प्रमाण, तोवर गडद निळाच होता. जोरात मारणारा पण वाटेल त्या चेंडूमागे जाणारा फलंदाज पिचरना लवकर कळतो. म्हणून ताशी ९५ मैल किंवा जास्त वेगाच्या फटक्यांचं प्रमाण बघण्याआधी चेज बघा.

आता उणिवा. ‘एक्स-वोबा’ हा फलंदाजीच्या एकूण मोलाचा अपेक्षित आकडा फटक्याचा वेग आणि कोन धरतो, दिशा धरत नाही. बॅट ओढून आपल्या बाजूच्या कोपऱ्यात (उजव्या हाताचा असेल तर लेफ्ट फील्डकडे) उंच फटके मारून होम रन काढणारा खेळाडू त्यात आहे त्यापेक्षा कमी भरतो. शिवाय पर्सेंटाइलच्या यादीत (गोळ्यांचा रंग तिच्यावरून ठरतो) यायला ठराविक पाळ्या, म्हणजे फलंदाजीला उभं राहण्याच्या खेपा, भराव्या लागतात, त्यामुळे नवख्याच्या पानावर अर्धे गोळे दिसतच नाहीत. तिथं कच्चा आकडाच वाचावा लागतो. मोबाइलवर मोठे तक्ते आडवे सरकवून बघणं त्रासाचं आहे, लॅपटॉपच घ्या.

आणखी एक जागा बहुतेक जण चुकवतात: ‘स्प्लिट्स’, म्हणजे परिस्थितीनुसार वेगळे केलेले आकडे. डावखुऱ्या फलंदाजाचे डावखुऱ्या पिचरविरुद्धचे आकडे स्वतंत्र बघा. तिथं तो कोसळत असेल तर ती रोजची जागा नाही, जोडीदाराबरोबर वाटून घ्यायची जागा आहे. मात्र ४०-५० पाळ्यांवर हा शिक्का मारू नका. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० पाळ्यांत बोलू लागतं, वॉकचं (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट बेस मिळणं) त्याच्या दुप्पट पाळ्यांत. बॅटिंग सरासरीला अख्खा हंगामही अपुरा पडतो. मेजर लीगमध्ये पाळ्या कमी असतील तर ट्रिपल-ए या खालोखालच्या पातळीचे आकडेही साइटवर वेगळ्या पानावर आहेत. तिथंही आधी चेजच काढा.