५.१ वर लाइव्ह कॉन्सर्टच्या डिस्क : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात सांगलीत विश्रामबागच्या घरी ५.१ चा सेट बसवला, एव्हीआर (सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर), पुढं तीन स्पीकर, मागं दोन, एक सबवूफर आणि समोर ५५ इंची टीव्ही, आणि तेव्हापासून त्यावर पिक्चर कमी अन् लाइव्ह कॉन्सर्टच्या ब्लू-रे, डीव्हीडीच जास्त लागल्यात. सेटच्या कंपनीबद्दल लिहीत नाही कारण या किमतीत सगळ्यांचं साधारण सारखंच मिळतं. लिहायचंय ते डिस्कबद्दल. माझं मत आता पक्कं झालंय, मागच्या स्पीकरमधून गिटार वाजली म्हणजे सराउंड (चारी बाजूंचा आवाज) भारी असं अजिबात नाही, मागून तो हॉल ऐकू यायला पाहिजे, आणि पडद्यावर जो हात दिसतोय त्याचा आवाज समोरून, त्याच्या जागेवरूनच यायला पाहिजे.

दुकानात डेमो घेतला तिथं मागचे स्पीकर मुद्दाम चढे ठेवलेले होते, म्हणजे गिऱ्हाईक दचकतं आणि खूश होतं. घरी आल्यावर पहिलं ते खाली आणा. एव्हीआरच्या माइकनं एकदा सेटिंग करून घ्या, आणि त्यात हॉल, स्टेडियम वगैरे नावांचे जे मोड असतात ते बंदच ठेवा, कारण डिस्कमध्ये मूळ हॉल आधीच रेकॉर्ड झालाय, त्यावर मशीनचा दुसरा कशाला चढवायचा.

माझी सगळ्यात जास्त वाजलेली डिस्क म्हणजे कॉन्सर्ट फॉर जॉर्ज. २९ नोव्हेंबर २००२, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला जाऊन त्या दिवशी बरोबर वर्ष झालेलं. सुरुवातीच्या भागात रविशंकरांची अर्पण ही रचना आहे, अनुष्का शंकर ती कंडक्ट करते आणि एरिक क्लॅप्टन त्यात अकूस्टिक गिटार वाजवतो. हा हॉल १८७१ चा, घुमट एवढा मोठा की आवाज घुमायची तक्रार सुरुवातीपासूनच होती, शेवटी १९६९ ला छताला फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या तेव्हा ते बरंच कमी झालं. ब्लू-रेवरचं ५.१ लावलं की वाद्यं सगळी समोर राहतात आणि मागं फक्त तो हॉल आणि माणसं. मागचे दोन स्पीकर बंद करून बघा, वाद्य एकही कमी होत नाही पण समोरचं स्टेज एकदम चपटं होतं. ह्यालाच मी चांगलं सराउंड म्हणतो.

आणि सतारीचं म्हणाल तर आमच्या शेजारी मिरज आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण ते मिळायच्या आधीपासून आमचे कान तिथं तयार झालेत. सतारमेकर गल्लीत जवारी काढताना (घोडी घासून झंकार जमवताना) ज्यानं जवळून ऐकलंय त्याला डिस्कवरची सतार खरी की नुसती चकचकीत केलेली हे लगेच कळतं. तार छेडल्यावर जो झंकार हळूहळू उलगडत जातो तो मध्येच तुटता कामा नये. या डिस्कवर तो तुटत नाही, म्हणून मी ज्याला त्याला हीच ऐकवतो.

डीव्हीडीवर मात्र वेगळी गंमत आहे. डीव्हीडीच्या डॉल्बी डिजिटलला जास्तीत जास्त ४४८ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) मिळतात आणि त्यात सहा चॅनेल बसवायचे, तर साध्या पीसीएम (न दाबलेल्या) स्टिरिओला दोन चॅनेलसाठी १५३६. त्यामुळं डिस्कवर पीसीएम असेल तर आधी तो लावून बघा, कितीतरी वेळा तोच जास्त मोकळा वाटतो. परीक्षा टाळ्यांवर करायची. टाळ्या दाबून बसवणं कोडेकला (आवाज दाबायच्या पद्धतीला) फार अवघड जातं, ट्रॅक कमी दर्जाचा असला की त्या पत्र्यावरच्या पावसासारख्या एकसारख्या होतात, चांगल्या ट्रॅकवर एकेक हात वेगळा ऐकू येतो. ब्लू-रेवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असेल तर हा प्रश्न राहत नाही कारण ते ट्रॅक लॉसलेस असतात, म्हणजे मूळ आवाजातलं काही गमावत नाहीत.

आता चित्र. डिस्क नवी की जुनी हे बघू नका, शूट कशावर झालंय ते बघा. पिंक फ्लॉइडचं डेलिकेट साउंड ऑफ थंडर १९८८ चं, पण ३५ एमएम फिल्मवर, त्यामुळं मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून २०२० ला ब्लू-रे आली. त्याच बँडचं पल्स १९९४ चं, म्हणजे सहा वर्षांनी नवं, पण व्हिडिओवर शूट केलेलं, त्यामुळं तिथं किती जरी साफसफाई केली तरी टेपवर जेवढं होतं तेवढंच. मोठ्या टीव्हीवर हा फरक लांबूनही दिसतो. क्वीनचं १९८१ चं मॉन्ट्रियलसुद्धा ३५ एमएमवरच, म्हणून आजही ताजं दिसतं. आणि ईगल्सच्या हेल फ्रीझेस ओव्हरची डीव्हीडी बघा, चित्र ४:३ आणि मऊ, पण डीटीएसवर हॉटेल कॅलिफोर्नियाच्या सुरुवातीचा तो ड्रम अजूनही सबवूफरची खरी किंमत सांगतो, नुसता धडाम होतोय की कातडं ताणलेलं कळतंय ते तिथंच ठरतं. मी तिचं चित्र सोडून देतो, डिस्क नाही.

चित्रात मला खरा राग येतो तो एडिटिंगचा. दर दोन सेकंदाला कट, क्रेनवरून गर्दी, मग गायकाचा चेहरा, आणि सोलो चाललाय त्याची बोटं दाखवायचीच नाहीत. कान एकीकडं आणि डोळा दुसरीकडं गेला की ५.१ चा काय उपयोग. टीव्हीचं मोशन स्मूदिंगही (मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा. काही कॉन्सर्ट १०८०आय (चित्राच्या ओळी एक आड एक दाखवणारे) असतात, त्यात जोरात हलणाऱ्या हाताला कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर डीइंटरलेसिंग (त्या ओळी जोडायचं काम) टीव्हीऐवजी प्लेयरकडं देऊन बघा. लिप सिंकसुद्धा (चित्र आणि आवाजाचा मेळ) गायकाच्या ओठावर नको, तबल्याच्या थापेवर तपासा, तिथं थोडासा उशीरही पकडला जातो.

आपल्या शास्त्रीय मैफिलींच्या माझ्याकडच्या डिस्क मात्र सगळ्या स्टिरिओ आहेत, ह्याचं खरंच वाईट वाटतं. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा होते तिथं चौफेर बसलेल्या लोकांची दाद येते, मागून वा, बाजूनं क्या बात. समोर गायकाजवळचे माइक आणि श्रोत्यांमध्ये चार माइक एवढं जरी कुणी नीट रेकॉर्ड केलं तरी ५.१ साठी याच्यापेक्षा चांगला माल कुठं मिळणार.

अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज देणारी पद्धत) अजून घेतलेलं नाही. छताला स्पीकर लावायचे तर घरमालकाला विचारावं लागेल, आणि माझ्याकडच्या बहुतेक डिस्कवर ५.१ च आहे, तोपर्यंत त्या पैशात मागच्या स्पीकरसाठी चांगले स्टँड आणि समोरच्या फरशीवर जाड गालिचा घ्यायचा विचार आहे.