विल्यम्सबर्गमधले स्पॅनिश वाणसामान

व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला आपली माणसे जातात ती वसाहतकाळातले जतन केलेले गाव पाहायला. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा आम्हीही त्याचसाठी गेलो होतो. परंतु परतताना गाडीत जी जड पिशवी होती ती ‘ला तिएंदा’ या दुकानाची होती. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ नुसता ‘दुकान’ एवढाच आहे. त्यानंतर वर्षभरात तीन वेळा टपालाने सामान मागवून झाले आहे, म्हणून आता थोडे अधिकाराने लिहिता येईल.

डॉन हॅरिस हे अमेरिकी नौदलात धर्मोपदेशक होते. निवृत्तीनंतर १९९६ साली त्यांनी पत्नी आणि मुलांना बरोबर घेऊन स्पेनचे पारंपरिक खाद्यपदार्थ आयात करण्याचा हा व्यवसाय उभा केला. तो काळ लक्षात घेतला तर हे धाडसच म्हणावे लागेल. स्पेनची जी मुख्य ओळख, ते डुकराच्या मांडीचे मिठात मुरवून वाळवलेले हॅम, तेव्हा अमेरिकेत आणताच येत नव्हते. साध्या सेर्रानो हॅमला १९९७ मध्ये वाट मिळाली. काळ्या इबेरिको डुकरांच्या हॅमसाठी मात्र २००७ चा डिसेंबर उजाडावा लागला, कारण अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्य केलेल्या कत्तलखान्यातूनच माल यावा अशी अट होती आणि सालामांका प्रांतातल्या ला अल्बेर्का गावचा फेर्मिन हा कारखाना त्या अटीला पहिल्यांदा उतरला. हॅम घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की इबेरिको हॅमला २०१४ पासून चार रंगांच्या खुणा आहेत. काळी खूण म्हणजे शुद्ध जातीचे, ओकच्या जंगलातली फळे खाऊन वाढलेले जनावर. लाल म्हणजे तोच आहार पण संकरित जात. त्याखालोखाल हिरवी आणि पांढरी. किमतीतला फरक या खुणांवरून कळतो.

माझ्या मते या दुकानाची खरी पारख हॅमवर करू नये, ती पिमेंतोनवर करावी. पिमेंतोन म्हणजे स्पेनचे लाल तिखट. त्यातले नावाजलेले पिमेंतोन येते एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या ला वेरा खोऱ्यातून. आपल्याकडे मिरची फाल्गुन-चैत्राच्या उन्हात अंगणात नाही तर गच्चीवर पसरली की खुळखुळ वाजेपर्यंत वाळते. ला वेरात मिरची पिकते ती शरद ऋतूत, नेमकी पावसाच्या तोंडावर, त्यामुळे तिला ऊन मिळत नाही. म्हणून तिथले शेतकरी ती छोट्या घरांच्या माळ्यावर पसरतात, खाली ओकची लाकडे मंद जाळतात, दहा-पंधरा दिवस धूर देतात आणि या काळात रोज हाताने मिरची खालीवर करतात. मग ती दगडी जात्यावर सावकाश दळली जाते, कारण जाते तापले तर रंग आणि वास दोन्ही जातात. पिमेंतोनचा धूर त्या खोऱ्याच्या हवामानातून आलेला आहे, हे एकदा समजले की डबी हातात घेताना वेगळेच वाटते.

यापूर्वी मी एका मोठ्या सुपरमार्केटमधून ‘धुरावलेली’ म्हणून विकली जाणारी मिरचीपूड आणली होती. तिच्यावर गावाचे नाव नव्हते, झाकण उघडल्यावर ओल्या सरपणासारखा उग्र दर्प आला आणि भाजीत घातल्यावर रंग काही उतरला नाही. ला वेराची लहानशी पत्र्याची डबी मात्र उघडताक्षणी चुलीपाशी बसल्याचा भास झाला. रंग विटेसारखा गडद, पूड चिमटीत घेतली की मऊ, किंचित तेलकट. गोड, मध्यम आणि तिखट असे तिचे तीन प्रकार मिळतात. आईने पहिल्या दिवशी आपल्या सवयीने ती फोडणीत टाकली आणि ती क्षणात करपून कडू झाली. दुसऱ्या दिवशी तिने गॅस बंद केला, लसणीचे तेल जरा निवू दिले, मग चमचाभर पूड घालून ते तेल उकडून चेचलेल्या बटाट्यावर ओतले. बाबांनी भाकरीबरोबर तिसऱ्यांदा मागून घेतले. पिठल्यावरही हे तेल फार चांगले लागते. आपल्या नेहमीच्या तिखटाची जागा ते घेणार नाही आणि घेऊही नये, पण भरताला धुंगार देण्याइतका वेळ नसेल तेव्हा चिमूटभर पुरते.

भरतावरून पिकियो मिरच्यांची गोष्ट निघते. नाव्हार्रा प्रांतातल्या लोदोसा गावच्या या बोटभर लांबीच्या लाल मिरच्या आचेवर भाजून हाताने सोलतात आणि सोलताना पाण्याचा थेंबही लावत नाहीत. भाजलेले वांगे नळाखाली धरायचे नाही, चव वाहून जाते, हे आजीने ज्यांना बजावले असेल त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. बरणीतल्या काही मिरच्यांवर भाजल्याचे काळे ठिपके राहिलेले दिसतात. तो दोष समजू नये. हाताने सोललेल्याची ती खूण आहे. चव गोड, तिखटपणा जवळजवळ नाही.

कडधान्यांकडे आपल्या लोकांनी जरूर पाहावे. सेगोव्हियाजवळच्या ला ग्रान्हाचे पांढरे राजम्यासारखे दाणे, ज्यांना खुदियोन म्हणतात, ते अंगठ्याएवढे असतात आणि रात्रभर भिजल्यावर दुपटीने फुगतात. आईने त्यांची चिंच-गुळाची उसळ केली. दाणा आतून लोण्यासारखा शिजला, तरी साल फाटले नाही. दररोज खाण्याच्या दृष्टीने ते महाग आहेत. पाहुणे येणार असतील तेव्हा आणावेत. बोंबा तांदळाबद्दल मात्र माझा आग्रह नाही. तो तिप्पट पाणी पिऊनही मोडत नाही, त्यामुळे पाएया या स्पॅनिश भातासाठी तो योग्यच आहे, पण घरात पाएया होणार नसेल तर त्याचा आपल्या स्वयंपाकात उपयोग नाही.

शाकाहारी वाचकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. मांचेगो हे मेंढीच्या दुधाचे प्रसिद्ध चीज, ज्याच्या सालीवर गवताच्या विणलेल्या पट्टीची नागमोडी नक्षी उमटलेली असते, ते विरजताना बहुधा प्राण्याच्या जठरातले रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी एक्स्त्रेमादुराचेच ‘तोर्ता देल कासार’ मागावे, कारण ते एका काटेरी रानफुलाच्या केसरांनी विरजलेले असते. त्याचे वरचे साल झाकणासारखे कापले की आत चमच्याने काढण्याइतके मऊ चीज असते आणि चवीला किंचित कडवट झाक असते. दुसरी सूचना तुर्रोनबद्दल. नाताळातली ही बदाम आणि मधाची मिठाई दिसायला चिक्कीची सख्खी बहीण आहे, परंतु तिच्यात अंड्याचा पांढरा बलक असतो. अलिकांतेची कडक असते, खिखोनाची वाटलेल्या बदामांची आणि मऊ. ज्यांना अंडे चालते त्यांनी खिखोनाची घ्यावी.

मेम्ब्रियो ही क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी आहे आणि चीजबरोबर खातात. आमच्या शेजारच्या मडगावच्या काकूंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि लगेच म्हणाल्या, “ही आमची पेराडच की!” गोव्यात पेरूची करतात ती पेराड आणि ही वडी एकाच इबेरियन पद्धतीतून आलेल्या आहेत, तेव्हा काकूंची जीभ खोटे सांगत नव्हती.

मागवणाऱ्यांनी डबाबंद आणि बरणीतल्या वस्तू वर्षभर निर्धास्त मागवाव्यात. चीज आणि हॅम व्हर्जिनियाच्या जुलै-ऑगस्टमध्ये मागवण्यापेक्षा थंडी सुरू होईपर्यंत थांबावे. शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष जावे. मला या व्यवसायात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की वस्तूची ओळख गावापासून सुरू होते: ला वेरा, लोदोसा, ला ग्रान्हा, खिखोना. आपण तासगावचा बेदाणा किंवा सावंतवाडीचा काजू म्हणतो, त्याच जिव्हाळ्याने ही नावे इथे घेतली जातात, आणि आयात करणाऱ्याने नाव सांगितले की त्या मालाचा जबाब देण्याची जोखीम त्याने पत्करलेली असते.

आई परत जाताना दोन डब्या कपड्यांच्या घडीत गुंडाळून घेऊन गेली. दिवाळीच्या सुमारास फोनवर फराळाची चौकशी झाली आणि शेवटी ती म्हणाली, “ते धुराचं तिखट संपलं बघ. येताना आण. तिखट डबी नको, गोडच आण, ह्यांना तीच आवडते.”