नळाची एअरेटर जाळी: ३ लिटरची घ्या, पण बादलीच्या नळाला नको

सिंकचा साधा नळ पूर्ण सोडला की मिनिटाला १० लिटरच्या आसपास पाणी जातं. नळाच्या तोंडाला बसणारी, पाण्यात हवा मिसळणारी ही जाळी ते मिनिटाला ३ वर आणते. खात्री करायची तर खाली लिटरचं माप धरा, २० सेकंदांत भरायला हवं. नळाच्या तोंडाला आतून आटे असतील तर २४ मिमीची जाळी, बाहेरून असतील तर २२ मिमीची. वायसर सपाट बसवून हातानेच आवळा. पक्कड लावलीच तर मध्ये फडकं, नाहीतर क्रोम गेलंच.

पुण्यात खडकवासला धरणाच्या पाण्यावर ही निवांत चालते. टँकरच्या बोअरच्या पाण्याने मात्र क्षार धरतात, धार तिरकी उडू लागते. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी जुन्या ब्रशने घासा. गुरुवारी पाणी बंद राहिलं की शुक्रवारी पहिलं गढूळ पाणी येतं, ते जाळी काढूनच सोडा.

टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब इतका कमी असतो की जाळी लावली की नुसती करंगळीएवढी धार पडते. आणि बादलीच्या नळाला? बादली तेवढ्याच पाण्याने भरणार, फक्त तिप्पट वेळाने.