गालिचा ओला असताना पूर्ण पैसे देऊ नका

घरी येऊन गालिचा धुऊन देणारे फसवतात ते बहुतेक एकाच वाटेने. जाहिरातीत दर अगदी कमी असतो. माणसं दारात आली की तो दर फक्त ‘साध्या धुलाई’चा होता, असं कळतं. डागांचे वेगळे, वास घालवायचे वेगळे, जंतुनाशकाचे वेगळे, संरक्षक लेपाचे वेगळे. तोवर फर्निचर हललेलं असतं, एक कोपरा ‘नमुना म्हणून’ धुऊन झालेला असतो आणि त्या कोपऱ्याशेजारी उरलेला गालिचा एकदम कळकट दिसायला लागतो. पुढचं ‘बरं, सगळंच करा’ ग्राहक स्वतःच म्हणतो.

बादलीतलं काळं पाणी हा त्यांचा आवडता पुरावा. पण वापरातल्या कुठल्याही गालिच्यातून पहिलं पाणी मळकटच निघणार, आणि रंग सुटत असेल तर ते आणखी गडद दिसणार. व्हॅक्यूम क्लीनर विकणारे काळ्या कापडावर धूळ दाखवतात, तीही गंमत तशीच. लवेत, म्हणजे गालिच्याच्या उभ्या तंतूंत, खोल बसलेली माती एका फेरीत येत नाही, म्हणून नंतर फिरवलेल्या कुठल्याही मशीनमध्ये काही ना काही येतंच. त्यांचं झाल्यावर त्याच जागी आपलं जुनं मशीन फिरवून बघा. नव्या लोकरी गालिच्यातून येणारे मऊ पुंजके तर मळ नसतात, ते सुटे तंतू असतात.

खरी लबाडी पाण्यात असते. ज्याला ‘स्टीम क्लीनिंग’ म्हणतात त्यात सहसा वाफ नसते. साबणाचं गरम पाणी दाबाने लवेत सोडायचं आणि त्याच फेरीत ओढून घ्यायचं, एवढंच ते काम. नीट करायचं तर आधी कोरडी माती व्हॅक्यूमने दोन्ही दिशांनी काढावी लागते, मग द्रावण फवारून सुमारे दहा मिनिटं मुरू द्यायचं, ब्रशने हलकं घोळवायचं, साध्या पाण्याने साबण काढायचा आणि शेवटी पाणी न सोडता दोन-तीन वेळा नुसतं ओढायचं. वेळ वाचवणारे पहिली आणि शेवटची पायरी गाळतात, कारण ग्राहकाला त्या दिसतच नाहीत. कोरडी माती भिजून चिखल होते, साबण आणि पाणी आत राहतं.

याचा परिणाम ती माणसं गेल्यावर दिसतो. ओला गालिचा उजळ दिसतो. वाळताना मात्र पाणी तंतूंवरून वर चढतं आणि तळाचा मळ टोकाशी आणून सोडतं, त्यामुळे ‘गेलेला’ डाग दुसऱ्या दिवशी जागेवर हजर. पाठ तागाची असेल तर पिवळट-तपकिरी झाक येते, कडा आखडतात. साबण राहिला असेल तर लव चिकट लागते आणि काही आठवड्यांत पहिल्यापेक्षा जास्त मळते. हवेशीर खोलीत नीट ओढलेला गालिचा सहसा सहा ते बारा तासांत वाळतो. चोवीस तासांनंतरही दमट असेल तर कुबट वास आणि बुरशीची भीती.

धागा कशाचा आहे हे न विचारता मशीन लावणाऱ्याला तिथेच थांबवा. न दिसणाऱ्या कोपऱ्यातल्या लवेचा एक तंतू उपटून, गालिच्यापासून लांब, चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर किंवा खरं रेशीम. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. कागदासारखा जळला तर सूत किंवा विस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा धागा. विस्कोस ‘बांबू सिल्क’ म्हणूनही विकतात. तो ओला झाला की कमकुवत होतो, पिवळा पडतो, लव आडवी होते, त्यामुळे मशीनचं पाणी त्याला नकोच. लोकरीला सौम्य साबण आणि कोमट पाणी. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये लोकर चक्क विरघळते. रंग पक्का आहे का, हे ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून कळतं.

जंतुनाशकाच्या बाटलीवर ते किती मिनिटं ओलं राहायला हवं ते छापलेलं असतं. एक हलका फवारा मारून पुढे सरकणारा नुसता वास विकतो. संरक्षक लेपाची पारख पाण्याच्या थेंबाने करावी, पण आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. लोकर मुळातच थेंब थोडा वेळ वरच धरून ठेवते, त्यामुळे फक्त नंतरचा थेंब दाखवला तर काहीच सिद्ध होत नाही.

गालिचा कारखान्यात नेणार असतील तर मापं लिहून घ्या. पाठीचा कोपरा, झालर आणि एखादा दोष यांचे जवळून फोटो काढा, पाठीला ओळखीच्या रंगाचे दोन टाके घाला. एका इंचात किती गाठी आहेत तेही मोजून ठेवा. अदलाबदल पकडायला हेच उपयोगी पडतं. एकूण रक्कम काम सुरू होण्याआधी लेखी, आणि त्यातला काही भाग गालिचा पूर्ण वाळल्यावर. याला नकार देणाऱ्याला परत पाठवलेलं बरं.

आत्ताच कोणी भिजवून गेलं असेल तर जाड पांढरे टॉवेल पसरून त्यावर उभं राहा, ओले झाले की बदला. कडा उचलून खाली हवा जाऊ द्या, पंखा आडवा लावा. वाळल्यावरही चिकट लागलं तर एक लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग तपासून, हलका फवारा मारा आणि फडक्याने टिपून घ्या. घासू नका.