रायझन ५ ७५३०यू: अकोल्याचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

एएमडीचा रायझन ५ ७५३०यू प्रोसेसर असलेला लॅपटॉप घेतला. लॅपटॉप नवीन असताना सगळेच पळतात म्हणून मुद्दाम उन्हाळा जाऊ दिला आणि आता लिहितोय. काम सांगतो म्हणजे अंदाज येईल. सिव्हिलवाला आहे, ऑटोकॅडमध्ये टूडी ड्रॉइंग, एस्टिमेटच्या जडच्या जड एक्सेल फाइली, क्रोमला ढीगभर टॅब, आणि अर्धा दिवस साइटवर जिथे प्लग पॉइंट मिळाला तर नशीब. गेम वगैरे खेळत नाही.

बजेटमध्ये तीन प्रोसेसर येत होते, इंटेलचे आय५-१२४५०एच आणि आय७-१२५५यू, आणि हा रायझन. दुकानदाराचा सगळा जोर आय७वर, "सर, शेवटी आय सेव्हन ते आय सेव्हन". आता गंमत बघा राजेहो, त्या १२५५यूमध्ये कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) १० आहेत पण त्यातले मोठे, ताकदवान दोनच, बाकी ८ छोटे. आय५-१२४५०एचमध्ये मोठे ४ आणि छोटे ४. थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) दोन्हीकडे १२च. वरून यूवाल्याचा बेस पॉवर (सलग कामासाठी धरलेली वीज) १५ वॅट आणि एचवाल्याचा ४५, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं सलग चालणारं काम दिलं की हा आय५ त्या आय७ला मागे टाकतो, आणि तरी महाग कोण तर आय७! त्यामुळे शेवटचं अक्षर आधी बघायचं, आय५ की आय७ ते नंतर.

एएमडीवालेही काही साधुसंत नाहीत. त्यांच्या ७००० सिरीजमध्ये नंबरातला तिसरा आकडा सांगतो की आत कुठली पिढी आहे. ७५२०यू म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या कोअरच्या पिढीचं नाव), कोअर ४. ७५३०यू म्हणजे झेन ३, कोअर ६. नंबर बघून वाटतं उन्नीस-बीसचा फरक असेल, पण ७५२०यूला ग्राफिक्सही अगदीच नावापुरतं आणि रॅम बोर्डवर सोल्डर केलेलीच येते, ८ जीबीचा घेतला की जन्मभर ८ जीबी. दोन्ही डब्यांवर रायझन ५ ७००० सिरीज एवढंच मोठ्या अक्षरात असतं. आणि माझा ७५३०यूसुद्धा खरं तर २०२२चा ५६२५यूच आहे नवीन कपड्यात, हे माहीत असूनच घेतला कारण त्या किमतीत सहा पूर्ण कोअर दुसरं कोणी देत नव्हतं.

आता वापर. ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं त्यामुळे रीजेन (ड्रॉइंग पडद्यावर पुन्हा उभं करणं), पॅन, झूम यात ऑफिसातल्या पोराच्या १२४५०एचमध्ये आणि माझ्यात मला तरी काही फरक जाणवला नाही. बूस्ट क्लॉकही (जास्तीत जास्त वेग) जवळपास सारखाच आहे, त्याचा ४.४ गिगाहर्ट्‌झ, माझा ४.५. पण सगळ्या शीट एकदम पीडीएफ करायच्या, मोठा फोल्डर झिप करायचा, असलं काही आलं की त्याचा पुढे जातो, उगाच खोटं कशाला बोलू. उलट साइटवर माझा दुपार बॅटरीवर काढतो आणि तो पोरगा आल्या आल्या चार्जर कुठे लावू म्हणून विचारतो. मला तरी हेच हवं होतं.

आणि उन्हाळा. यूट्यूबवाले टेस्ट करतात २५ डिग्रीच्या एसी खोलीत, आमच्या साइट ऑफिसवर टिनाचं छत आणि मे महिन्यात बाहेर ४४. हवाच एवढी तापलेली असली की फॅन थंड तरी कशाने करणार, चिपची लिमिट तर ९५ डिग्रीला ठरलेली, ती काही अकोला बघून वाढत नाही. एचडब्ल्यूइन्फो (चिपचं तापमान, वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर हिवाळ्यात लोड दिल्यावर २५ वॅटच्या आसपास बराच वेळ टिकायचा, मेमध्ये थोड्याच वेळात १५च्या जवळ उतरायचा. ड्रॉइंगला काही फरक नाही पडला, पीडीएफचं काम मात्र रेंगाळायचं. ४५ वॅटवाला घेऊन अशा जागी बसलं तर पैसे भरलेले वॅट मिळणारच नाहीत असं माझं मत आहे. ओळखीच्या एकाकडे हाच प्रोसेसर एकदम पातळ बॉडीत आहे, तो माझ्याही आधी दम टाकतो, कारण किती वॅट द्यायचे हे लॅपटॉपवाली कंपनी ठरवते. (कूलरच्या थेट समोर लॅपटॉप ठेवू नका, तुषार येतात.)

रॅम ८ जीबीची एकच पट्टी आली होती, दुसरी ८ची टाकली. आतलं वेगा ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं त्यामुळे दोन पट्ट्या झाल्यावर दुसरा मॉनिटर लावला तरी अडकत नाही. इंटेलवाल्यांनीही हे बघा, १२५५यूचं आयरिस एक्सई ग्राफिक्स एका पट्टीवर नुसतं यूएचडी, म्हणजे खालच्या दर्जाचं, म्हणून दिसतं.

थ्रीडीला मात्र हा नाही. स्केचअपचं घरगुती मॉडेल फिरतं, शॅडो चालू केली की रडतो. लुमियन (थ्रीडी रेंडरिंगचं सॉफ्टवेअर) चालवायचं असेल तर प्रोसेसरची तुलना सोडा, आधी वेगळं ग्राफिक्स कार्ड बघा. एनपीयू (एआयच्या कामासाठीचा चिपमधला वेगळा भाग) पण नाही यात, म्हणजे एआय पीसीचं स्टिकर नाही, माझं तरी त्यावाचून अजून काही अडलं नाही.

सध्या भाच्यासाठी शोधतोय, पॉलिटेक्निकला आहे, होस्टेलला प्लग आहे म्हणून त्याला एचवालाच घेणार. आय५-१३४२०एच दाखवतायत पण तो परत ४ अधिक ४च, १२४५०एचचा क्लॉक थोडा वाढवलेला भाऊ. रायझन ७५३५एचएसमध्ये ग्राफिक्स ६६०एम आहे जे माझ्या वेगापेक्षा बरंच पुढचं, त्यामुळे किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक राहिला तर तो घेईन.